आपला षड्ज, दुसऱ्याची मैफल

गणपतीचे दिवस जवळ आले, की आपल्या भोपाळातील मराठी घरांतून दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक, माळ्यावर टाळ-झांजा शोधताना होणारा. आणि दुसरा, उत्सवाच्या कार्यक्रमाची आखणी करताना बैठकीत होणारा. यांपैकी दुसरा आवाज नेहमीच मोठा असतो. यंदाही तसेच झाले. एका तरुण गृहस्थांनी सूचना मांडली, की या वर्षी सर्व कार्यक्रम हिंदीत करावेत. आपली मुले मराठी नाटकाला जांभया देतात, शेजारीपाजारी येत नाहीत, आणि पन्नास माणसांपुढे पडदा वर करण्यात काय हशील? त्यावर एक वयोवृद्ध गृहस्थ ताडकन उठून म्हणाले, "मग निदान मोदक तरी मराठीत राहू द्या!" सगळे हसले, पण हसण्याने प्रश्न सुटत नाही. एक पक्ष म्हणाला, आपले दार उघडा. दुसरा म्हणाला, दार उघडाल तर घरात आपले म्हणून काय उरेल?

मी संगीताचा शिक्षक. माझे मत विचारले गेले, तेव्हा मी काहीतरी पुटपुटून खाली बसलो. चार माणसांत मला गाता येते, बोलता येत नाही. तेव्हा जे सांगायचे राहिले ते आज वाचकांपुढे मांडतो.

माझ्या मते दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. आपलेपण आणि शेजारधर्म ही तागडीची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. एक जण शेजाऱ्यासाठी आपलेपण थोडे कमी करायला निघाला आहे, आणि दुसरा आपलेपणासाठी शेजाऱ्याला थोडा लांब ठेवायला. आमच्या विद्येचा अनुभव मात्र याच्या नेमका उलट आहे.

त्या अनुभवाकडे वळण्याआधी आपण भोपाळकर मराठी माणसे इथे कशी आलो, याची आठवण करून देतो. कारण घरातल्या मुलांना हे आपण सांगत नाही. मराठी माणूस या शहरापाशी पहिल्याने आला तो तलवार घेऊन. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला इथेच कोंडीत धरले आणि १७३८ च्या जानेवारीत त्याला तह करावा लागला. दुसऱ्या खेपेस, १८१२-१३ मध्ये, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा भोपाळला वेढा घालून बसल्या होत्या, आणि वजीर महंमदाने शहर लढवले. तिसऱ्या खेपेस मात्र आपण आलो ते ट्रंका, वळकट्या आणि सरकारी फायली घेऊन. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या सचिवालयातील किती तरी कुटुंबांना बिऱ्हाड उचलावे लागले. मध्य भारतातून, म्हणजे ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेली मंडळी वेगळीच. त्यांना घरे मिळाली ती ज्या वसाहतीत, तिचे नाव पडले तात्या टोपे नगर. आज सगळे त्याला टी. टी. नगर म्हणतात, आणि ते दोन 'ट' कोणाचे, हे तिथे वाढलेल्या मराठी मुलालाही पुष्कळदा सांगावे लागते.

असे आपण तीन गावांचे मराठी एका गल्लीत आलो. नागपूरकर म्हणे, "मी येऊन राहिलो ना!" ग्वाल्हेरकराच्या मराठीत निम्मी क्रियापदे हिंदीची. पुण्याचा पाहुणा आला म्हणजे दोघांनाही हसे, आणि दोघे मिळून त्याच्या मागे त्याला हसत. पण याच मिश्र मराठीत लग्ने जमली, हळदीकुंकवे झाली, बारशाला पाळणे म्हटले गेले. शुद्ध मराठी कोणती, याचा निकाल लागेपर्यंत कोणी बोलायचे थांबले नाही, हे फार चांगले झाले.

आता आमच्या विद्येचे सांगतो. माझे वडील संस्थानच्या गाण्याच्या नोकरीत अगदी पोरवयात लागले. संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीतही नव्हते, आणि मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यांनी मला पहिले दोन महिने गाणे शिकवलेच नाही. तंबोरा लावायला बसवले. पंचमाची तार, जोडीच्या दोन तारा, खर्ज. घोडीवर जवारीचा दोरा सरकवायचा, मण्यांनी बारीक सूर मिळवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी शेजारच्या एका नावाजलेल्या गवयाचा सूर धरून तंबोरा लावला, कारण मला त्यांच्यासारखे गायचे होते. वडिलांनी तारा उतरवल्या आणि म्हणाले, "त्यांची पट्टी काळी एक असेल. तुझा गळा पांढरी दोनचा. दुसऱ्याच्या षड्जात तंबोरा लावलास तर तुला ना त्यांचे गाणे येणार, ना तुझे."

संगीताबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो. आपल्या संगीतात षड्ज ही पेटीवरची कायमची ठरलेली पट्टी नव्हे. ज्याचा त्याचा षड्ज ज्याच्या त्याच्या गळ्यात असतो. पण एकदा तो ठरला, की तबला त्याला मिळवतात, सारंगी त्याला मिळवतात, पेटीवाला आपली पट्टी बदलतो. सगळी संगत उभी राहते ती गायकाच्या खऱ्या षड्जावर. गायकच जर संकोचाने आपला षड्ज सोडून बसला, तर संगतकाराने मिळवायचे तरी कशाशी? आपण शेजाऱ्यासाठी आपलेपण सोडतो तेव्हा त्याच्यावर उपकार करत नाही, त्याला मिळवून घ्यायला काही शिल्लक ठेवत नाही, एवढेच.

आणि ज्या तंबोऱ्यावर आपण हा सूर शोधतो त्याची जन्मकथा पाहा. पंढरपूरच्या आसपासच्या रानात शेतकरी भोपळा पिकवतो, आणि मिरजेचे मुसलमान कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्याचे वाद्य घडवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. विठोबाच्या रानातला भोपळा आणि शिकलगारांचा हात, यांपैकी कोणी कोणासारखे व्हायचे ठरवले असते, तर तंबोराच झाला नसता. (भोपाळ आणि भोपळा यांवरचा विनोद पुण्याचे पाहुणे दर खेपेस करतातच, मी तो गाळतो.)

ग्वाल्हेरची गायकी तर अशा संबंधांतूनच महाराष्ट्रात गेली. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या परंपरेची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली, आणि बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली थेट लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. ग्वाल्हेरीत निसार हुसेन खाँसाहेब शंकरराव पंडितांच्या घरी राहिले. त्या ब्राह्मण घराचे सोवळेओवळे सांभाळून ते राहत, असे ग्वाल्हेरचे जुने लोक सांगतात. त्या घरातले कृष्णराव पंडित पुढे खाँसाहेबांच्या गायकीचे केवढे मोठे वारसदार झाले! खाँसाहेबांनी पंडितांच्या स्वयंपाकघराचा मान राखला, पंडितांनी खाँसाहेबांच्या तालमीचा. त्यासाठी एकाला दुसरा व्हावे लागले नाही. गाणे मात्र दोघांचे झाले.

पण या विषयावर मला सर्वांत अधिक शिकवले ते कुमार गंधर्वांच्या आयुष्याने. त्यांची जन्मशताब्दी २०२४ मध्ये झाली. कुमारजी बेळगावकडचे, सुळेभावीचे. घरची भाषा कानडी. लहानपणी त्यांची कीर्ती झाली ती हुबेहूब नकलेसाठी. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हे पोर त्या जशाच्या तशा गाई, आणि सभागृहे थक्क होत. नक्कल हा माणसे जिंकण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. ज्याला जे आवडते ते त्याला परत दिले, की तो खूष होतो. पण पुढे मुंबईस प्रा. बा. र. देवधरांकडे शिकताना तो मुलगा नकलेतून बाहेर आला. तयार टाळ्या सोडून द्यायला केवढे धैर्य लागत असेल, हे मला शिक्षक म्हणून ठाऊक आहे. कारण आजही माझ्याकडे येणारे पालक, "याला अमक्यांचे गाणे हुबेहूब येते," एवढेच अभिमानाने सांगतात.

१९४८ साली क्षयाच्या आजारामुळे कुमारजी हवापालटासाठी देवासला आले. आपल्या भोपाळपासून देवास काही फार लांब नाही. कित्येक वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी पडत. परका माणूस, परकी भाषा, आणि गळा बंद. अशा स्थितीत त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे ऐकणे. त्यांनी ती गाणी जमवली, त्यांचे सूर टिपले, त्या धुनांत दडलेल्या रागांची बीजे ओळखली. पुढे गाणे पुन्हा सुरू झाले तेव्हा माळवी बोलीतल्या त्यांच्या स्वतःच्या बंदिशी जन्मल्या, आणि १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की कुमारजी माळवी लोकगायक झाले नाहीत. शेतकऱ्याचा वेष करून मंचावर बसले नाहीत. माळव्याची धून त्यांनी कुमार गंधर्वांच्याच आवाजात गायिली, आणि म्हणूनच माळव्याने त्यांना आपले म्हटले. पुढे बालगंधर्वांची पदे गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा त्याला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या नावातल्या पहिल्या दोन शब्दांवर एक तास व्याख्यान देता येईल. "मी बालगंधर्व गातो," असे ते म्हणाले नाहीत; "मला जेवढे उमजले तेवढे माझ्या परीने सांगतो," असे म्हणाले. दुसऱ्याविषयी आदर आणि स्वतःशी इमान, दोन्ही त्या दोन शब्दांत आहेत.

नकलेने माणूस खूष होतो आणि विसरतो. ऐकून घेऊन, पचवून, आपल्या आवाजात परत दिलेले मात्र तो जन्मभर जपून ठेवतो. नक्कल आणि नाते यांतला फरक मी यापेक्षा अधिक सांगू शकत नाही.

आता माझीच एक फजिती सांगतो. पंचविशीत असताना जुन्या शहरातल्या एका घरगुती मैफलीचे मला बोलावणे आले. श्रोते सगळे उर्दू शायरीवर वाढलेले. मी पंधरा दिवस खपून एक गझल बसवली. 'क़' आणि 'ख़' आरशासमोर घोटले. मैफलीत गायलो. लोक सभ्य होते; वाहवा मिळाली. पण भोपाळची वाहवा दोन प्रकारची असते, एक मनातून येणारी आणि एक पाहुण्याला पानाबरोबर दिली जाणारी. मला मिळाली ती दुसरी. साथीला जुन्या शहरातलेच एक वृद्ध तबलानवाज होते. ते हातोडी हातात धरून, डग्ग्यावर हात ठेवून, अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "मास्टर साहब, आप अपनी सुनाइए। हमारी तो हम रोज़ सुनते हैं।"

माझे कान तापले. मी पाणी प्यायलो आणि घरी आईकडून ऐकलेला एक अभंग धरला. कोणाला शब्द कळत नव्हते. पण दुसऱ्या चरणाला त्या वृद्ध गृहस्थांचे डोळे चमकले. त्यांना भजनी ठेक्याचे ते वजन नवे होते. गाणे संपल्यावर त्यांनी मला गुडघ्यावर तो ठेका पुन्हा पुन्हा वाजवून दाखवायला लावला, आणि ओळीचा अर्थ विचारला. मी मोडक्या हिंदीत तो सांगितला. त्यानंतर दोन वर्षे दर गुरुवारी ते माझ्याकडे येत किंवा मी त्यांच्याकडे जाई. मी त्यांना अभंगांचे अर्थ सांगे. ते माझा 'क़' आणि 'ख़' सुधारत. म्हणजे गझल मला शेवटी आलीच. पण ती त्यांची मर्जी राखण्याच्या धडपडीतून आली नाही, माझे मी गायलो त्या दिवसानंतर आली.

इथे एक इशारा देणे अवश्य आहे. आपलेपण राखा म्हटले, की आपल्यातल्या काही मंडळींना फार बरे वाटते. कारण त्यांना वाटते, आता काही शिकायला नको. "आम्ही असेच! पटले तर घ्या!" तोंडावर फटकळ बोलायचे आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणायचे, ही आपली जुनी खोड आहे. बेसूर गाणारा जर म्हणू लागला, की हाच माझा खरा सूर, तर त्याला काय म्हणावे? खरा षड्ज गळ्यात असतो हे खरे, पण तो पहाटेच्या खर्जाच्या मेहनतीवाचून सापडत नाही. चार मराठी शिव्या आणि पुरणपोळी एवढेच ज्याचे मराठीपण उरले आहे, त्याने आपलेपणाचा झेंडा नाचवू नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्या रात्री किती घरांतल्या मुलांनी एक पान मराठी मोठ्याने वाचले?

उलट, मिसळण्याची भीती वाटणाऱ्यांना मी दोन राग दाखवीन. भूप आणि देसकार. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. एकाही स्वराचा फरक नाही. तरी भूप संध्याकाळचा, त्याचा वादी गंधार, त्याचा जीव पूर्वांगात. आणि देसकार सकाळचा, त्याचा वादी धैवत, तो उत्तरांगात नांदतो. शिकाऊ मुलगा देसकार गाताना रिषभ-गंधारावर जरा रेंगाळला, की भूप डोकावतो आणि गुरुजींची टपली पडते. पण जाणता गायक निर्धास्त असतो. शेजाऱ्याचे आणि आपले स्वर एक आहेत याची त्याला धास्ती नसते. आपण कोठे थांबायचे हे त्याला ठाऊक असते. भोपाळात राहून आपली मुले हिंदी बोलणार, उर्दू शब्द वापरणार, पोह्यांबरोबर जिलेबी खाणार. स्वर एकच होणार. त्यांचे मन कोठे विसावते, हे आपण घरात शिकवले आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याच शहरातले आणखी एक उदाहरण. १९८१ मध्ये इथे ध्रुपद केंद्र सुरू झाले आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर तिथे शिकवू लागले. उज्जैनचे उदय भवाळकर या मराठी तरुणाने तिथे तालीम घेतली, आणि ते डागरबानीचे ध्रुपद आज पुण्यासारख्या ख्यालाच्या आणि नाट्यगीतांच्या गावात बसून शिकवतात. मराठी घरातून निघालेला मुलगा डागरांच्या विद्येत इतका खोल उतरला, त्यात त्याचे मराठीपण कोठे सांडले असे कोणी म्हणेल काय? उलट आपल्याकडे एक विद्या अधिक आली.

तेव्हा उत्सवाच्या प्रश्नावर माझे मत असे. नाटक मराठीत व्हावे, भजन मराठीत व्हावे, पण ते चांगले बसवलेले असावे. चार तालमींत उरकलेल्या नाटकाला मुले जांभया देतात, तो भाषेचा दोष नव्हे. पडदा उघडण्यापूर्वी कोणीतरी दोन मिनिटे हिंदीत कथासूत्र सांगावे. शेजाऱ्याला छापील पत्रिका न पाठवता घरी जाऊन बोलवावे, आणि तो आला तर त्याला पुढे बसवावे. आणि त्याच्या घरी मुशायरा असो, मिलाद असो, रामायणपाठ असो, आपणही जावे, आणि गेल्यावर न कळलेल्या शेरावर मान डोलवू नये. "याचा अर्थ सांगा," असे म्हणावे. न कळता दिलेल्या दादेपेक्षा हा एक प्रश्न माणसाला अधिक जवळ आणतो, असा माझा अनुभव आहे.

ते वृद्ध तबलानवाज आज हयात नाहीत. त्यांचा नातू गेली काही वर्षे गणपतीत आपल्या भजनाला तबल्यावर बसतो. भजनी ठेक्याला तो जी लग्गी जोडतो ती खास त्याच्या आजोबांच्या हातची आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या भजनी मंडळांत ती ऐकायला मिळणार नाही. बैठकीनंतर मी त्याला सहज सांगितले, की यंदा भजन हिंदीत करावे असे काहींच्या मनात आहे. तो तबल्याची गादी झटकत होता. थोडा थांबून म्हणाला, "फिर दादा वाला ठेका कहाँ बजाऊँगा, गुरुजी?"

पुढच्या बैठकीत मी एवढेच सांगणार आहे.